पहारेकऱ्याची पाठ

मित्रांनो, मी एक जुना पत्ता आहे. जवळ येण्याआधी बोटे पुसून घ्या. कोपराशी ठेवलेला पाण्याचा पेला आहे ना, तो जरा लांब सरकवा. आणखी लांब. हां, आता बसा.

राजा, राणी, गुलाम यांच्या कॅटमधला मी नव्हे. गड्डी बांधण्याचा एक खेळ असतो, त्यातला मी पहारेकरी. माझ्या चित्रात मी एका दगडी दरवाजाशी उभा आहे. हातात कंदील आहे आणि एक डोळा बारीक केलेला आहे. चित्रकाराने मला जन्मापासूनच संशयी करून ठेवले, त्याला मी काय करणार? येणाऱ्याजाणाऱ्याकडे पाहायचे आणि मनात म्हणायचे, हा एवढा का हसतोय? खिशात काय आहे याच्या? हेच माझे काम, आणि हाच माझा स्वभाव.

माझा जन्म छापखान्यात झाला. मोठ्या जाड कागदावर आम्ही सगळे शेजारी शेजारी छापले गेलो. मग आमच्या अंगावर चकचकीत लेप चढला आणि कापणी यंत्राने आम्हाला एकमेकांपासून वेगळे केले. पुढे तपासणीच्या टेबलावर एका बाईने मला उचलले आणि तिच्या कपाळाला आठी पडली. माझ्या कंदिलाचा पिवळा रंग रेषेच्या बाहेर सरकला होता.

"याचा दिवा सांडलाय बघ," ती शेजारणीला म्हणाली. "टाकून देऊ?"

"पाठ बघ आधी," शेजारीण म्हणाली. "तोंड कसंही असलं तरी चालतं गं. पाठ सगळ्यांसारखी पाहिजे."

बाईने मला उलटे केले, पाठीवरून अंगठा फिरवला आणि डब्यात टाकले. मला मात्र राग आला. मी पहारेकरी! जग माझे तोंड पाहणार, माझा बारीक केलेला डोळा पाहणार. पाठीचे एवढे कौतुक कशाला?

मी ज्या घरात आलो, त्यांचे चष्म्याचे दुकान होते. दुकानाच्या मागे दोन खोल्यांत आई, बाबा, आबा आणि ठकी राहत. ठकी हे काही तिचे खरे नाव नव्हे. लहानपणी लाकडी बाहुलीसारखी गप्प बसायची म्हणून तिला आबांनी ठकी केले, आणि ती बोलायला लागली तरी नाव तसेच राहिले. बाबा फिरतीच्या नोकरीवर. दुकान आई चालवायची. वरच्या मजल्यावर ठकीची आत्या राहायची. ती शाळेत खेळाची शिक्षिका होती आणि घरातही गळ्यात शिट्टी घालून फिरायची. तिचा मुलगा ठकीपेक्षा थोडा मोठा. प्रत्येक गोष्टीत मुद्दा काढायचा म्हणून सगळे त्याला वकील म्हणत. ठकी मात्र त्याला दादा म्हणायची. वकील म्हणायची ते फक्त भांडताना.

दुपारी दुकानाचे शटर अर्धे खाली ओढले की गिऱ्हाइकांच्या टेबलावर आमचा डाव बसायचा. एका बाजूला शटरकडे तोंड करून ठकी, तिच्या समोर वकील, मध्ये आबा. भिंतीभर आरसे, काचेच्या कपाटांत फ्रेमा, समोर अक्षरांचा तक्ता.

खेळ सांगतो, म्हणजे पुढचे नीट कळेल. सुरुवातीला सगळ्यांकडे सारखेच पत्ते, बहुतेक हमाल. त्यांच्या बळावर टेबलाच्या मधोमध मांडलेल्या बाजारातून नवे पत्ते घ्यायचे. घेतलेला पत्ता लगेच हातात येत नाही, तो आपल्या टाकलेल्या ढिगात जातो. समोरची पालथी गड्डी संपली की तो ढीग पिसायचा आणि त्याचीच नवी गड्डी करायची. शेवटी ज्याच्या गड्डीत मनोरे, म्हणजे सर्वांत भारी पत्ते, जास्त, तो जिंकला.

पण बाजारात चोरही असतो. कोणी चोर खेळला की बाकीच्यांनी आपल्या हातातला सर्वांत भारी पत्ता त्याला द्यायचा. तिथे माझी गरज पडते. माझ्या छातीवर लिहिले आहे, 'कोणी हल्ला केला तर मला हातातून दाखवा. तुम्ही सुरक्षित.'

ठकी मला पहिल्याच फेरीत घ्यायची. बाजारात पहारेकरी आणखीही होते, पण ती त्यांच्यातून सांडलेल्या दिव्याचा पहारेकरी शोधायची. हातात आलो की अंगठ्याने मला हळूच दाबायची, आईचा हात धरावा तशी. आबांचे माझ्याशी फारसे जमले नाही. चोराला पत्ता देऊन झाला की ते म्हणायचे, "अरे, माझ्याकडे पहारेकरी होता की!"

"आबा, चोर गेल्यावर पहारेकरी दाखवतात का?" वकील म्हणायचा. "आधी दाखवायचा. पत्ता हातातून सुटला की संपलं."

"बरं बाबा, पुढच्या चोराला आधी कळवायला सांग."

ते दिवस चांगले होते. सगळे मला मानत. मी मात्र वकिलाकडे डोळा बारीक करूनच पाहत असे. जो मुलगा खेळापेक्षा नियमांची पुस्तिका जास्त आवडीने वाचतो, त्याच्यावर लक्ष ठेवावे असे मला वाटायचे.

मग वकिलाच्या वाढदिवसाला त्याला याच खेळाचा नवा डबा मिळाला. त्याची नवी आवृत्ती निघाली होती. मुलांनी आनंदाने दोन्ही डबे एकत्र केले. गड्डी जाड झाली, बाजार मोठा झाला आणि पहिल्याच डावात भांडण झाले.

वकिलाने चोर खेळला. ठकीने मला दाखवले. मग त्याने प्रतिध्वनी खेळला. त्या पत्त्याने आधीचा पत्ता पुन्हा घडतो, म्हणजे चोर पुन्हा आला. ठकीने मला पुन्हा दाखवले.

"ए, थांब. एकदा दाखवलास ना? आता टाक तो."

"टाकू कशाला? 'दाखवा' लिहिलंय. 'टाका' कुठे लिहिलंय?"

"माझ्या पहारेकऱ्यावर लिहिलंय. हे वाच. 'मला टाकून द्या, मग तुम्ही सुरक्षित.' प्रतिध्वनी म्हणजे नवा हल्ला. नव्या हल्ल्याला दुसरा पहारेकरी लागतो."

"तो तुझा झाला. हा माझा आहे."

"नाव एकच आहे ना? मग नियमही एकच. एकच पहारेकरी हातात धरून बसलं की चोराला कामच उरत नाही, म्हणून त्यांनी बदललाय. थांब, दाखवतो." त्याने आत्याच्या फोनवर खेळ बनवणाऱ्यांनी दिलेली उत्तरे काढली आणि कोर्टात वाचावे तसे वाचले, "'नाव सारखे असल्यास जुन्या पत्त्यालाही नवा मजकूर लागू होईल.'"

ठकीने चष्मा वर सरकवला. "म्हणजे पत्त्यावर छापलंय ते खोटं आणि फोनवर आलंय ते खरं?"

"जुन्याला जुना नियम, नव्याला नवा," आबांनी तोडगा काढला. "आणि मी सगळ्यांत जुना, मला कुठलाच नको."

"आबा, मग सगळे जुनाच पहारेकरी घेतील!" वकील म्हणाला.

मित्रांनो, माझ्या मनाची कल्पना करा. छातीवर एक लिहिलेले आणि वागायचे दुसरेच! ज्यांना मी कधी पाहिले नाही, त्यांनी कुठेतरी बसून माझे काम बदलले. शेवटी ठकीने नवा नियम मान्य केला, पण ओठ घट्ट मिटून. तेव्हापासून ती वकिलाकडे माझ्यासारखाच डोळा बारीक करून पाहू लागली.

त्यानंतर लवकरच ठकीला कांजिण्या आल्या. वकिलाला वर थांबायला सांगितले गेले. दोन्ही डबे खालीच राहिले, ठकीच्या अंथरुणाशी. ती एकटीच पत्ते लावायची, मोडायची. एकदा ताप चढला तेव्हा तिने मला आपल्या चष्म्याच्या डबीत ठेवले आणि डबी उशाखाली सरकवली. "लक्ष ठेव," ती म्हणाली.

मी अंधारात लक्ष ठेवून होतो. बाहेर काही तरी चालले होते. फुस्, फुस्, असा आवाज येत होता, मग कापड घासल्याचा. पुन्हा फुस्, फुस्. आई तोंडातल्या तोंडात काही पुटपुटत होती. मला संशय आला, पण डबीचे झाकण मला उघडता येत नव्हते.

ठकी बरी झाली. मी पुन्हा पत्त्यांत आलो आणि पाहतो तर सगळे बदललेले. कोणाच्या अंगाला चकाकी नाही. सगळ्यांना कसला तरी औषधी वास. पूर्वी पिसताना आम्ही एकमेकांवरून सुळकन घसरायचो, आता ते एकमेकांना खरखरत चिकटत होते आणि मी एकटाच मधून निसटत होतो. माझ्या माघारी यांचे काही तरी ठरले आहे, असे मी मनाशी पक्के केले. हमालांवरसुद्धा माझा विश्वास उरला नाही.

आणि ठकी हरू लागली.

नुसती हरली असती तर एक वेळ चालले असते. पण मी तिच्या हातात असलो की वकील चोर खेळायचाच नाही. हमाल खेळायचा, बाजारातून काही घ्यायचा, गप्प बसायचा. मी हातात नसलो की लगेच चोर. आबांना मात्र तो, त्यांच्या हातात पहारेकरी असो वा नसो, सारखाच लुटायचा. ठकीने हे ताडले. मीही ताडले. याला कळते कसे?

आधी आम्हाला संशय आला आरशांचा. ठकीने मागच्या आरशावर टॉवेल टाकला. काही फरक नाही. तिने पत्ते छातीशी धरले. फरक नाही. मग तिने आबांशी जागा बदलली, त्या दिवशी कोपऱ्यातला उजेड कमी होता, आणि वकिलाने चक्क माझ्यावर चोर खेळून स्वतःचा चोर फुकट घालवला. त्यावरून ती समजली की जुन्या जागेवरच काही तरी गडबड आहे. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा शटरसमोर बसली आणि पुन्हा लुटली गेली.

मी तर आबांवरही नजर ठेवली. ते डुलकी घेताना एक डोळा अर्धा उघडा ठेवायचे. का?

शेवटी तिने पत्ते टेबलावर टाकले. "तू बघतोस, वकील. तू कुठून तरी माझे पत्ते बघतोस."

"मी काही बघत नाही." पण हे म्हणताना तो तिच्याकडे पाहत नव्हता.

"खोटारडा!"

"मी खोटारडा? आणि तू काय करतेस ते मला कळत नाही होय?"

"मी काय केलं?"

"सोड. तुझ्याशी खेळायचंच नाही मला. माझे पत्ते मला दे, मी चाललो."

पण दोन्ही डब्यांचे पत्ते एकमेकांत मिसळलेले होते, म्हणून तो त्या दिवशी रिकाम्या हाताने वर गेला. मग दुपारी शटर खाली यायचे, पण टेबलावर डाव बसायचा नाही. आजारानंतर आई ठकीला बाहेर फारशी पाठवत नसे. दादा हाच तिचा सगळा मित्रपरिवार होता. ती अक्षरांच्या तक्त्यासमोर खुर्ची ओढून बसायची आणि सर्वांत खालची बारीक ओळ वाचत राहायची. आई काउंटरमागून तिच्याकडे बघायची. जेवली का, कपाळ गरम तर नाही ना, रडली का. आईच्या नजरेतून काही सुटत नसे. पण मुलीला काय होते आहे हे विचारायचे सोडून ती पुन्हा पुन्हा ताप मोजायची.

मग वकील आला तो पत्ते वेगळे करून न्यायलाच. सोबत आत्या होती, शिट्टीसह. "भांडण तुमचं, जिने मला उतरायला लावता," ती म्हणाली. आई काउंटरवर एका फ्रेमचा स्क्रू घट्ट करत होती. आबा खुर्चीत होते. वकिलाने काच तपासायच्या दिव्याखाली सगळे पत्ते पालथे पसरले. अर्ध्या शटरच्या उजेडात न दिसलेले आता दिसले आणि त्याचा हात थांबला.

"हे काय झालंय? माझे पत्ते नवे होते!" त्याने एक उचलला, दिव्याशी धरला. "चकाकी कुठे गेली? सगळे खराब केलेस तू!"

"मी काही नाही केलं!"

"मग कोणी केलं? आणि हा बघा!" त्याने मला बोटाने पुढे ढकलले. "सगळे पत्ते खराब, आणि हिचा लाडका तेवढा लखलखीत. मुद्दाम ठेवलाय, ओळखता यावा म्हणून. ठकी कसली, ठक आहे ही!"

मित्रांनो, तेव्हा मला कळले. समोरच्या आरशात मी आयुष्यात प्रथमच स्वतःची पाठ पाहिली. सगळ्या मलूल पाठींमध्ये ती एकटी आरशाच्या तुकड्यासारखी चमकत होती. ठकीच्या हातात मी आलो की समोर बसणाऱ्याला शटरखालच्या उजेडात ती लख्ख दिसत असणार. जगभर संशयाने पाहत हिंडणारा मी, आणि शत्रूला खूण करत होती माझीच पाठ! पण पत्त्याला स्वतःची पाठ दिसत नाही. ती समोरच्यालाच दिसते.

ठकी आईकडे पाहत होती.

काउंटरवरचा बारीक स्क्रू आईच्या बोटांतून निसटला आणि कुठे तरी घरंगळत गेला. एरवी ती तो शोधल्याशिवाय राहिली नसती. तिने पाहिलेही नाही.

"थांब रे," ती वकिलाला म्हणाली. "तिनं काही केलेलं नाही. मी पुसलेत ते पत्ते."

"मामी, तुम्ही?"

"सगळे. काच पुसायच्या औषधानं. ती आजारी होती, दिवसभर पत्ते तिच्या हातात. तू ते वर नेणार, तुला कांजिण्या झाल्या तर... म्हणून एकेक पुसला. वाळल्यावर बघते तर चकाकी गेलेली. तुझा डबा तर नवाकोरा. म्हटलं सांगावं. मग म्हटलं, कोणाच्या लक्षात येतंय!" तिने माझ्याकडे बोट केले. "हा तिच्या चष्म्याच्या डबीत होता. हा राहिला."

मग आत्या म्हणाली, "वहिनी, तू पाणीसुद्धा धुऊन देशील गं!"

"म्हणूनच सांगितलं नाही, ताई. तुम्ही हेच म्हणाल म्हणून."

"तरीच," आबा म्हणाले, "माझ्या कवळीला काच पुसायच्या औषधाचा वास येतोय."

ठकी मात्र हसली नाही. ती वकिलासमोर जाऊन उभी राहिली. "म्हणजे हा माझ्या हातात आला की तुला दिसायचा?"

वकिलाने शर्टाचे बटण पिरगाळले. "मला वाटलं, तूच याला चमकवलंयस. ओळखायला. मग मीही बघायला लागलो."

"बोलला का नाहीस?"

"नियमात कुठे लिहिलंय की दिसलं तर सांगायचं?" असे तो म्हणाला खरा, पण आवाज वकिलाचा नव्हता. मग तो हळूच म्हणाला, "सांगायला पाहिजे होतं."

आत्याने शिट्टी वाजवली. दुकानातल्या काचा झिणझिणल्या. "दोघांना ताकीद. आणि वहिनीलाही."

आई म्हणाली, "तुला नवा डबा आणून देते मी."

वकिलाने घाईने मान हलवली. "नको मामी. त्यात परत नियम बदललेले असतील."

आता प्रश्न माझा होता. मला काढून टाका, असे आबा म्हणाले. दुसरे पहारेकरी आहेतच की! मित्रांनो, कागदाला धडधड नसते म्हणतात. त्यांनी ते क्षण अनुभवलेले नाहीत. ठकीने मला उचलले, माझा सांडलेला दिवा पाहिला आणि म्हणाली, "आई, ती बाटली दे."

फुस्. पाठीवर थंड फवारा आला. मग मऊ कापड फिरले, पुन्हा पुन्हा, माझी चकाकी जाईपर्यंत. ते तिने स्वतः केले. वाळायला मला उन्हात ठेवले आणि सुकल्यावर वकिलाच्या हातात दिले. "इतरांत मिसळ. मग शोधून दाखव."

त्याने मला पालथे मिसळले, दिव्याखाली नेले, तिरके धरून पाहिले, डोळे बारीक केले. सापडलो नाही. हरल्याचा एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता.

डावाआधी ठकीनेच दोन गोष्टी सांगितल्या. पहारेकरी जुना असो की नवा, दाखवला की टाकायचा. आणि कोणाच्या पत्त्यावर काही दिसले, ओरखडा, डाग, चकाकी, तर डाव थांबवून सांगायचे, मग ते नियमात असो वा नसो. "मान्य," वकील म्हणाला. आई काउंटरमागून आली, हात पुसत. "मलाही वाटा पत्ते," ती म्हणाली. "नुसतं लांबून बघून काही कळत नाही."

त्या डावात वकिलाने चोर खेळला. ठकीने मला दाखवले आणि स्वतःच्या हाताने टाकलेल्या ढिगावर ठेवले. मग त्याने प्रतिध्वनी खेळला. तिने दात ओठ खाल्ले, हातातला मनोरा त्याच्यासमोर सरकवला आणि म्हणाली, "घे. पुढच्या फेरीत बघते तुला."

मी ढिगावर उताणा पडून होतो. टाकलेला. पूर्वी मला याची फार भीती वाटायची. पण आमच्या खेळात टाकलेला पत्ता संपत नाही. ढीग पिसला जातो आणि तो पुन्हा गड्डीत येतो.

म्हणून मित्रांनो, एवढेच सांगतो. आम्हाला ओल्या कापडाने पुसू नका, कोरड्या हाताने धरा. काही बिघडले, तर ज्याचे बिघडले त्याला त्याच दिवशी सांगा. आणि समोरच्याचा संशय आला, तर आरशांवर टॉवेल टाकत बसू नका, त्याला विचारा. तुमची पाठ तुम्हाला दिसत नाही, त्याला दिसत असते.

थांबा, ठकीने ढीग उचलला. आता पिसणार. ओळखा पाहू, यातला मी कोणता?